शिक्षा चुकीची झाली असं वाटत असेल तर: सातारा-सांगलीच्या कुटुंबांनी काय करावं, कधी करावं

सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली की माणूस कोर्टातूनच पोलिसांच्या ताब्यात जातो. वकीलसाहेब म्हणतात, "आता हायकोर्टात अपील करावं लागेल." या एका वाक्यात बरीच कामं येतात, आणि त्यातली निम्मी वकिलाची नसून घरच्यांची असतात. ती वेळेवर झाली नाहीत तर निर्दोष माणूसही वर्षानुवर्षं आत राहतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या. अपिलात खटला पुन्हा चालत नाही. वरचं न्यायालय साक्षीदारांना सहसा परत बोलावत नाही, ते खालच्या न्यायालयाचे कागद वाचतं. "आमचा माणूस असं करणारच नाही" हे कितीही खरं असलं तरी तिथे चालत नाही. कुठल्या साक्षीदाराने कुठल्या परिच्छेदात काय सांगितलं आणि न्यायाधीशांनी त्यातून काय निष्कर्ष काढला, यातली तफावत दाखवावी लागते. पुढची सगळी धडपड त्या कागदांसाठी आहे.

पहिला आठवडा: निकालाची प्रत आणि मुदत

कैदेची शिक्षा झाली असेल तर निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ४०४ मध्ये आहे (पुढे ४२४ ते ४६८ अशी जी नुसती कलमं येतात, ती याच संहितेतली). १९७८ साली होस्कोट प्रकरणात, जे महाराष्ट्रातलंच होतं, सर्वोच्च न्यायालयाने हा कैद्याचा हक्कच ठरवला. ही प्रत बहुतेक वेळा कैद्याबरोबर तुरुंगात जाते आणि पिशवीतच राहते. म्हणून घरच्यांनी नक्कल विभागात स्वतंत्र अर्ज द्यावा. साताऱ्याचं जिल्हा न्यायालय सदर बझारमध्ये आहे, सांगलीचं विजयनगरला. खटला कराडसारख्या ठिकाणच्या सत्र न्यायालयात चालला असेल, तर नक्कल तिथेच मागायची.

मुदती अशा: न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील. सत्र न्यायालयाने दिली तर उच्च न्यायालयात ६० दिवसांत. फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवस, मोक्काखाली ३० दिवस, ॲट्रॉसिटी कायद्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल असेल तर ९० दिवस.

नक्कल मिळायला लागलेले दिवस या मुदतीतून वजा होतात. पण इथे एक बारकावा अनेकांना महागात पडतो. नकलेच्या मागे तारखांचा शिक्का असतो: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी नेली. वजावट अर्जाच्या तारखेपासून नक्कल तयार झाल्याच्या तारखेपर्यंतच मिळते. नक्कल तयार होऊन पडली आणि तुम्ही तीन आठवड्यांनी नेली, तर ते तीन आठवडे तुमच्या खात्यातून गेले. अर्ज केल्यावर दोन-चार दिवसांनी चौकशी करत राहा.

मुदत उलटून गेली असली तरी दार बंद होत नाही. मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. कारण खरं द्या आणि कागद जोडा: आजारपणाचे केसपेपर, वकील बदलल्याची तारीख, तुरुंग बदलल्याची नोंद. माणूस आत आहे, शिक्षा मोठी आहे आणि कारण प्रामाणिक आहे, तेव्हा न्यायालयं सहसा विलंबावरून हाकलून देत नाहीत.

शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी खटल्यात जामिनावर असेल, तर शिक्षा देणाऱ्या न्यायालयातच त्याच दिवशी अर्ज द्यायचा, कलम ४३०(३) खाली. अपील दाखल होईपर्यंत जामीन वाढवून मिळतो. निकालाच्या दिवशी जामीनदार आणि त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती कोर्टात हजर ठेवा. निकाल काय लागेल कोण जाणे, पण तयारीला काही खर्च येत नाही.

दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला, असा एक समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. निर्दोष सुटका झाली की दंड परत मिळतो. पावती मात्र जपून ठेवा.

निकालाचं शेवटचं पान

लोक शिक्षेचा आकडा वाचतात आणि थांबतात. शेवटच्या आदेशातल्या तीन ओळी आणखी वाचायच्या असतात.

पहिली, शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक. दुसरी, खटल्याच्या काळात आत काढलेले दिवस वजा धरले आहेत का. ती वजावट कलम ४६८ प्रमाणे मिळते. अटकेच्या आणि जामिनाच्या तारखा स्वतः मोजून पाहा. तिसरी ओळ सगळ्यात धोक्याची: "मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा." रक्ताचे कपडे, केस, हत्यार, नमुने, म्हणजे पुढे डीएनए तपासणी करायची झाली तर लागणारी प्रत्येक वस्तू त्या ओळीत येते. अपील दाखल झालं की सहसा थांबतात, पण अपिलाला उशीर झाला तर मालखान्यात (जप्त वस्तू ठेवायच्या कोठारात) कोणी तुमची वाट पाहत नाही. "अपिलाचा अंतिम निकाल लागेपर्यंत मुद्देमाल जतन करावा" असा लेखी अर्ज खालच्या न्यायालयात लगेच द्या, पोच घ्या, आणि हीच मागणी अपिलाबरोबरही करा.

वकील: मोफत मदत हा हक्क आहे

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे तुरुंगात असलेल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळतो. त्याचं उत्पन्न किती, शेती किती, हे बघितलं जात नाही. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. इतर सर्वसाधारण अर्जदारांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. त्यामुळे माणूस आत असेल तर घरच्यांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालू नयेत. तो आत आहे एवढं पुरे.

मागायची कुठे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. फौजदारी आरोपींसाठी आता लोकअभिरक्षक कार्यालय आहे. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात. देशभराचा हेल्पलाइन क्रमांक १५१००. तुरुंगातही विधी सहाय्य केंद्र असतं, तिथे विधी स्वयंसेवक येतात. कैदी कलम ४२४ प्रमाणे तुरुंग अधीक्षकांमार्फत थेट अपील पाठवू शकतो. याला जेल अपील म्हणतात. हातात दहा दिवस उरलेत आणि वकील ठरत नाही, अशा वेळी जेल अपील पाठवून मुदत वाचवायची. नंतर खासगी वकील केला तरी अडचण नाही. फक्त नव्या वकिलाला जेल अपिलाची माहिती द्या आणि त्याच क्रमांकात वकीलपत्र दाखल करायला सांगा. दोन अपिलं वेगवेगळी फिरत राहिली तर गोंधळ होतो.

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. आता अपिलासाठी मुंबईला रात्रीचा प्रवास आणि लॉजचा खर्च करायची गरज राहिली नाही. तुमचं अपील त्याआधी मुंबईत दाखल झालं असेल, तर ते आता कुठे आहे हे सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट ॲपमध्ये तपासा. सीएनआर हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक प्रत्येक खटल्याला असतो. घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये तो लिहून ठेवा.

खासगी वकील निवडताना आमचा ठाम सल्ला एकच: फौजदारी अपिलं नियमित चालवणारा वकील घ्या. जमिनीच्या दाव्यातला नामवंत वकील इथे कामाचा नाही. फी टप्प्याटप्प्याने आणि लेखी ठरवा: दाखल करणं, जामिनाचा अर्ज, अंतिम सुनावणी. "जज ओळखीचे आहेत, महिन्यात बाहेर काढतो" असं म्हणणारा भेटला तर तिथून उठा. जुना वकील फी बाकी आहे म्हणून कागद अडवत असेल, तर त्याला तसा अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलं आहे. भांडू नका, यादी करून लेखी मागा. कैद्याचं वकीलपत्र तुरुंगात सही किंवा अंगठा घेऊन, अधिकाऱ्याच्या साक्षांकनासह येतं. त्याला काही दिवस जातात, तेवढे धरून चाला.

फाइल कशी लावावी

नकला काढायच्या त्या अशा: फिर्याद, सगळे पंचनामे, दोषारोपपत्र, आरोप निश्चिती, प्रत्येक साक्षीदाराचा सरतपास (त्याला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली मूळ साक्ष) आणि उलटतपास, निशाणी क्रमांक (न्यायालयाने पुराव्याला दिलेला क्रमांक) पडलेली सर्व कागदपत्रं, वैद्यकीय आणि शवविच्छेदन अहवाल, प्रयोगशाळेचा म्हणजे सी.ए. रिपोर्ट, आरोपीचा ३१३ चा जबाब (पुराव्याबद्दल न्यायाधीश आरोपीला विचारतात ते प्रश्न आणि त्याची उत्तरं; नव्या कायद्यात कलम ३५१), आणि रोजनामा. रोजनामा बहुतेक जण सोडून देतात. त्यात रोज काय घडलं ते असतं: वकील गैरहजर होता का, उलटतपास "नाही" म्हणून बंद केला का, बचावाच्या साक्षीदाराचा अर्ज फेटाळला का.

न्यायालयाचे कागद माहिती अधिकारात मागू नका, त्यासाठी नक्कल हाच मार्ग आहे. माहिती अधिकार इतर सरकारी कार्यालयांसाठी वापरा: सरकारी रुग्णालयाची नोंद, एसटी आगाराचं वेळापत्रक. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ऊसतोडीच्या किंवा कारखान्याच्या पाळीवर माणूस होता असं म्हणणं असेल, तर तिथला हजेरीपट कारखान्याकडे आजच लेखी मागा. काही वर्षांनी तो रद्दीत गेलेला असतो.

निकाल वाचायचा कसा

हे काम वकिलाचं खरं, पण घटना, वाटा, घरं, नाती घरच्यांना ठाऊक असतात. एक वही घ्या. डाव्या पानावर निकालातलं वाक्य आणि परिच्छेद क्रमांक, उजव्या पानावर त्या साक्षीदाराने प्रत्यक्ष काय सांगितलं ते, निशाणी क्रमांकासह. चार-पाच दिवस लागतील. वकिलाला ही वही दिली की त्याचा निम्मा वेळ वाचतो. पाहायचं ते असं.

परिस्थितिजन्य पुरावा. कोणी प्रत्यक्ष पाहिलेलं नसेल, तर १९८४ च्या शरद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालातल्या पाच कसोट्या लागतात. थोडक्यात, प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध हवा, साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची कुठलीच वाजवी शक्यता उरायला नको. "शेवटचं यांच्याबरोबर पाहिलं" असा साक्षीदार असेल, तर त्या वेळेपासून मृत्यूच्या वेळेपर्यंत किती तास गेले ते शवविच्छेदन अहवालाशी जुळवा. मधे सोळा-अठरा तास असतील आणि ती जागा एसटी स्टँडसारखी वर्दळीची असेल, तर हा दुवा कमकुवत आहे.

जप्ती. "आरोपीने कोयता काढून दिला" अशी गोष्ट शेकडो निकालांत असते. पोलिसांसमोरची कबुली पुरावा ठरत नाही. तिच्यातला फक्त तेवढाच भाग चालतो ज्यामुळे वस्तू सापडली. निवेदन पंचनामा आणि जप्ती पंचनामा शेजारी ठेवा. वेळा बघा: दोन्ही पंचनाम्यांत दहा मिनिटांचं अंतर आणि जागा बारा किलोमीटरवर, असं आहे का? जागा उघडी होती का, जिथे कोणीही वस्तू टाकू शकेल? पंच त्याच गावचे की पोलिसांबरोबर नेहमी येणारे? पंच फितूर झाले असतील, तर न्यायाधीशांनी केवळ तपास अधिकाऱ्याच्या शब्दावर जप्ती मानली का?

मुद्देमालाचा प्रवास. कपडा जप्त कधी झाला, लाखेचं सील लावल्याचं पंचनाम्यात लिहिलंय का, मालखान्याच्या रजिस्टरमध्ये नोंद कधीची, प्रयोगशाळेत कोणी नेला आणि कधी पोहोचला, हे एका ओळीत तारखांनी मांडा. मधल्या वीस दिवसांचा हिशेब नसेल किंवा नेणाऱ्या शिपायाची साक्षच झाली नसेल, तर सी.ए. रिपोर्टचं वजन घटतं. "मानवी रक्त" एवढंच आलं आणि रक्तगट निघाला नाही, तर तो अहवाल कोणाविरुद्धच फारसं काही सांगत नाही.

ओळख परेड. अटकेनंतर किती दिवसांनी झाली, त्याआधी फोटो पेपरात किंवा व्हॉट्सॲपवर फिरला होता का, साक्षीदार पोलीस ठाण्यात येऊन गेला होता का.

मोबाइल आणि सीसीटीव्ही. सीडीआर (मोबाइलवरच्या कॉलचा तपशील) किंवा चित्रीकरणाच्या प्रतीसोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र हवं. पूर्वी ते कलम ६५-ब चं होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सक्तीचं असल्याचं पुन्हा सांगितलं.

आणि ३१३ चा जबाब. ज्या गोष्टीवर शिक्षा दिली, ती आरोपीला विचारलीच नसेल, तर ती त्याच्याविरुद्ध सहसा वापरता येत नाही. प्रश्नांची यादी आणि निकालातली कारणं ताडून पाहा. हा दोष बऱ्याच फायलींत सापडतो.

वय तपासा

घटनेच्या दिवशी मुलगा अठरा वर्षांखालचा होता का? हा मुद्दा कधीही, अंतिम निकालानंतरही मांडता येतो. पुण्यातल्या १९९४ च्या एका खून प्रकरणात फाशी झालेला माणूस घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे शाळेच्या नोंदवहीवरून सिद्ध झालं आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तोवर त्याची २८ वर्षं आत गेली होती. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतात, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची चाचणी. भटक्या किंवा ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांची वयं पोलिसांनी अंदाजाने लिहिलेली असतात. पहिलीत नाव घातलेल्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढाच.

शिक्षेला स्थगिती आणि जामीन

अपिलाबरोबरच कलम ४३० खाली शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज जातो. गुन्ह्याला दहा वर्षं किंवा जास्त, जन्मठेप किंवा फाशी असेल, तर सरकारी वकिलाला लेखी विरोधाची संधी दिल्यावरच निर्णय होतो. इथे "अजून दोष सिद्ध व्हायचाय" हा मुद्दा संपलेला असतो. निकालात उघड दिसणारी चूक, खटल्यात जामिनावर असताना शिस्तीने वागणं, आजार, आत काढलेला काळ आणि अपील इतक्यात ऐकलं जाण्याची शक्यता नसणं, यांवर भर द्यायचा. पहिला अर्ज फेटाळला तरी काळ गेल्यावर पुन्हा करता येतो.

सरकारी नोकर, शिक्षक किंवा ग्रामपंचायत सदस्य असेल तर लक्षात ठेवा: शिक्षा स्थगित झाली तरी दोषसिद्धी कायम असते आणि नोकरी किंवा पद त्यावरच जातं. दोषसिद्धीला स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती क्वचित मिळते.

नवा पुरावा, आणि काय करू नये

अपील न्यायालय कलम ४३२ खाली जादा पुरावा घेऊ शकतं. तो आधी का आला नाही याचं पटण्यासारखं कारण हवं. साक्षीदाराचं मन पालटलं असं कानावर आलं, तर त्याच्या घरी जाऊ नका, मध्यस्थ पाठवू नका, पैशांची गोष्ट तर काढूच नका. साक्षीदारावर दबाव आणल्याचा नवा गुन्हा दाखल होईल आणि अपिलाचंही नुकसान होईल. त्याला खरंच बोलायचं असेल तर त्याने आपल्या मर्जीने वकिलामार्फत प्रतिज्ञापत्र करावं. अशा बदललेल्या जबाबाकडे न्यायालयं संशयानेच पाहतात, म्हणून त्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

बलात्कार किंवा पोक्सोच्या प्रकरणात "खरं काय ते लोकांना कळू दे" म्हणून पीडितेचं नाव, गाव, फोटो टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. गावच्या ग्रुपवरसुद्धा नको.

घर आणि तुरुंग

मोठी शिक्षा झालेल्यांना बहुधा कोल्हापूरच्या कळंबा किंवा पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात पाठवतात. मुलाखतीला आधार कार्ड न्या. लांब असाल तर ई-मुलाकातीची नोंदणी ऑनलाइन होते. दर भेटीत तीन प्रश्न ठरलेले ठेवा: तब्येत, कुठला कागद आला का, कशावर सही घेतली का. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, मागितल्याने अपिलाला बाधा येत नाही. रजेवरून वेळेत हजर न होणं मात्र जामिनाच्या प्रत्येक अर्जात आडवं येतं.

आई किंवा वडील तुरुंगात असतील तर मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करा. दरमहा २,२५० रुपये मिळतात. शाळेत मुलाला टोमणे बसत असतील तर मुख्याध्यापकांना स्वतः भेटून सांगा. मुलं घरी हे बोलत नाहीत, गप्प होतात.

हायकोर्टाच्या निकालानंतर

अपील फेटाळलं तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका ९० दिवसांत करायची. तिथेही स्वतंत्र विधी सेवा समिती आहे आणि कैद्याला ती मोफत वकील देते. हाही अर्ज तुरुंगातून पाठवता येतो. पुनर्विलोकन याचिका (त्याच न्यायालयाला आपला निकाल पुन्हा तपासायला सांगणाऱ्या) फारशा यशस्वी होत नाहीत, पण दार पूर्ण बंद नसतं. ज्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये फाशीची शिक्षा ठरवली होती, त्यांचं प्रकरण पुन्हा उघडून मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि महाराष्ट्र सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. शिक्षेत सूट मागण्याचा अर्ज हा वेगळा मार्ग आहे. तो मंजूर झाला तर माणूस लवकर सुटतो, कपाळावरचा शिक्का मात्र राहतो. म्हणून अपील चालू असेल तर शिक्षेत सूट मिळेल या आशेने ते मागे घेऊ नका.

निर्दोष सुटलेल्यांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात तसा कायदा करावा असं सुचवलं, तो अजून झालेला नाही. त्यामुळे भरपाईसाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, आणि त्यात तपासातला खोटेपणा किंवा उघड बेपर्वाई दाखवावी लागते. नुसतं संशयाचा फायदा मिळून सुटणं पुरत नाही. निकालात न्यायाधीशांनी तपासावर ओढलेले ताशेरे असतील तर ते परिच्छेद अधोरेखित करून ठेवा. सुटकेच्या आठवड्यात निकालाच्या पाच प्रमाणित प्रती काढा. नोकरीच्या ठिकाणी, पोलीस पडताळणीत, पासपोर्टला, बँकेत त्या लागतात. पोलीस ठाण्याच्या अभिलेखात "दोषी" ही नोंद आपोआप बदलली असेल असं धरून चालू नका. निकालाची प्रत जोडून पोलीस अधीक्षकांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि महिन्याभराने उत्तर आलं नाही तर त्याच पोचेच्या आधारे माहिती अधिकारात विचारा.